घरच्या लॅपटॉपला कोणता अँटीव्हायरस? आधी विंडोजची तारीख बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी २०१८-१९च्या सुमारास घेतलेला लॅपटॉप, विंडोज १०, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क. सासरे त्यावर नेट बँकिंग करतात. मुलगी कॉलेजच्या प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाते. विकतच्या अँटीव्हायरसची मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय. दुकानदार म्हणतो तोच पुढे चालू ठेवा, भाऊ म्हणतो विंडोजमधला फुकटचा पुरे. त्यातच काही दिवसांपासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ अशी पाटी येतेय. तर घ्यायचा कोणता?

एवढ्या माहितीवर माझं मत भावाच्या बाजूने आहे. पैसे भरू नका. मात्र ‘पुरे’ म्हणून सोडून दिलं तर ते पुरणार नाही, कारण तुमच्या लॅपटॉपची कमकुवत जागा अँटीव्हायरस ही नाहीच. ती विंडोज १० ही आहे.

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे विंडोजमध्ये नवं भगदाड सापडलं तर ते बुजवणारा अपडेट आपोआप येणार नाही. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, कारण विंडोजमधल्या याच फुकटच्या अँटीव्हायरसच्या, म्हणजे डिफेंडरच्या, व्हायरस ओळखण्याच्या याद्या विंडोज १०वर ऑक्टोबर २०२८पर्यंत येत राहणार आहेत. त्यामुळे हिरवी खूण दिसते, सगळं ठीक वाटतं. पण याद्या ताज्या असणं वेगळं आणि खालची भिंत शाबूत असणं वेगळं. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तेव्हा ज्या दोषातून तो शिरत होता त्याचा अपडेट मार्च २०१७मध्येच निघाला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते अडकले. विकतचा अँटीव्हायरस घेतला तरी हे भगदाड तो बुजवत नाही. फार तर त्यातून येणाऱ्या काही गोष्टी दारात अडवतो.

म्हणून आधी लॅपटॉप विंडोज ११ घेतो का ते बघा. स्टार्टवर उजवी टिचकी मारून ‘सिस्टिम’ उघडा आणि प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेल असेल तर ‘आय३’, ‘आय५’च्या पुढचा आकडा महत्त्वाचा. त्या काळात आपल्याकडे ‘आय३-७०२०यू’ आणि ‘आय३-८१३०यू’ अशी दोन्ही मॉडेलं जवळपास सारख्याच लॅपटॉपमध्ये विकली जात होती. पहिला सातव्या पिढीचा, त्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. दुसरा आठव्या पिढीचा, त्याला चालतं. शंका असेल तर मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा, ते अडलेलं कारणही सांगतं. अनेकदा कारण एवढंच असतं की टीपीएम ही सुरक्षेची चिप बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते.

चालत असेल तर विंडोज ११वर जा. नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवा. घरगुती वापरकर्त्यांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. सेटिंग्ज, मग ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, मग ‘विंडोज अपडेट’ इथे उजवीकडे किंवा खाली ‘एनरोल नाऊ’ दिसतं. दिसत नसेल तर बहुतेक वेळा विंडोज १०ची आवृत्ती २२एच२ नसते किंवा आधीचे अपडेट रखडलेले असतात. ते पूर्ण करून पुन्हा बघा. नोंदणीला मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला संमती दिली की पैसे पडत नाहीत. ती द्यायची नसेल तर १००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलरच्या आसपासची रक्कम हे दुसरे मार्ग. लॅपटॉप सातव्या पिढीचा निघाला तर त्या मुदतीनंतर त्यावर बँकिंग करू नये असं मी सांगेन, मग वर कुठलाही अँटीव्हायरस असो.

आता जुना अँटीव्हायरस. तो काढायचा असेल तर नीट काढा, नुसती मुदत संपू देऊ नका. विंडोजची पद्धत अशी आहे की दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस नोंदला गेला की डिफेंडर स्वतःहून मागे सरकतो. मुदत संपलेला अँटीव्हायरस मात्र लगेच जागा सोडतोच असं नाही. तो बसून राहतो, याद्या जुन्या होत जातात, आणि डिफेंडर बाजूला उभा. दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती लॅपटॉपमध्ये हा प्रकार फार वेळा दिसतो.

क्रम असा ठेवा. त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन ‘ऑटो रिन्युअल’ बंद करा. पहिल्या वर्षी सवलतीत दिलेल्या वस्तूचे दुसऱ्या वर्षी पूर्ण दराने पैसे कापले जातात ते याच वाटेने. आपल्याकडे १५,००० रुपयांच्या आतल्या आवर्ती कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. बँक २४ तास आधी सूचना पाठवते, आणि ती मेसेजच्या ढिगात हरवते. दुकानातून खोका घेऊन खरडून काढलेला क्रमांक टाकला असेल तर ही भानगड नसते. मग कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल, नंतर रीस्टार्ट. बहुतेक कंपन्या स्वतःचं साफसफाईचं छोटं टूल देतात, तेही चालवा, कारण मागे राहिलेले ड्रायव्हर पुढे वायफाय किंवा प्रिंटरला त्रास देतात. पुन्हा रीस्टार्ट झाल्यावर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, खाली डावीकडच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ असतं. तिथे अँटीव्हायरस म्हणून फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर दिसला पाहिजे, आणि तो चालू असला पाहिजे. दोन-दोन अँटीव्हायरस एकदम ठेवून दुप्पट सुरक्षा मिळत नाही. दोघे एकाच फाइलवर हात टाकतात आणि ४ जीबीचं यंत्र गुडघे टेकतं.

डिफेंडर चालू झाल्यावर ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधल्या ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’, ‘क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन’ आणि ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ ही तिन्ही बटणं चालू आहेत का बघा. क्लाउडचं बटण ‘माझी माहिती बाहेर जाते’ म्हणून काही जण बंद करतात, आणि डिफेंडरची निम्मी ताकद तिथेच जाते. अनोळखी फाइल तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून ठरवतो. इंटरनेट नसताना त्याची ओळखण्याची क्षमता ठळकपणे घटते, ही त्याची खरी उणीव आहे. गावाकडच्या घरी जिथे नेट आठवड्यातून दोनदा येतं आणि सगळा व्यवहार पेनड्राइव्हवर चालतो, तिथे मी म्हणूनच डिफेंडरवर सोडणार नाही.

त्याच पानावर अगदी तळाला ‘एक्स्क्लूजन्स’ आहे. हे नक्की उघडून बघा. दुकानातून विंडोज किंवा ऑफिस टाकून घेतलं असेल तर तिथे कधी कधी अख्खा ‘सी’ ड्राइव्ह वगळलेला असतो, किंवा केएमएस नावाचं फोल्डर. कारण सरळ आहे: लायसन्स न घेता ऑफिस चालू करणारं ॲक्टिव्हेटर डिफेंडर ‘हॅकटूल’ म्हणून पकडतो, म्हणून टाकणाऱ्याने डिफेंडरलाच तिकडे बघायची बंदी केलेली असते. यादी रिकामी करा, मग पूर्ण स्कॅन लावा. फिरत्या हार्डडिस्कवर त्याला दोन-तीन तास सहज लागतील, रात्री चार्जर लावून ठेवा आणि झोपेचं सेटिंग बंद करा. त्यानंतर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. यात लॅपटॉप रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. विंडोज चालू असताना स्वतःला लपवणारे प्रकार यात सापडतात.

सगळं जागेवर आहे का हे तपासायला आयकार चाचणी फाइल वापरा. अँटीव्हायरस तपासण्यासाठीच बनवलेला हा ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर आहे. आयकार संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवताच डिफेंडरने ती अडवली पाहिजे. निमूट उतरली तर वरच्यापैकी काहीतरी राहिलंय.

कोपऱ्यातली ‘५ व्हायरस’वाली पाटी. ती बारकाईने बघा. मजकुराच्या खाली बारीक अक्षरात एखाद्या संकेतस्थळाचं नाव आणि क्रोमचं किंवा एजचं नाव असेल. म्हणजे हा व्हायरस नाही, ही ब्राउझरची नोटिफिकेशन आहे. फुकटात सिनेमा किंवा निकाल दाखवणाऱ्या कुठल्यातरी पानावर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं आलं आणि कुणीतरी दाबलं, एवढंच झालेलं असतं. अँटीव्हायरस हिला हात लावत नाही, कारण परवानगी घरच्याच माणसाने दिली आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे जा. परवानगी दिलेल्यांची यादी दिसेल, तिथली अनोळखी नावं काढून टाका. वरचा पर्याय ‘साइट्सना परवानगी मागू देऊ नका’ असा करून ठेवा, म्हणजे पुन्हा विचारणारच नाही. जाता जाता एक्स्टेंशन्सची यादीही चाळा. खरी डिफेंडरची सूचना दाबली तर विंडोज सिक्युरिटीच उघडते आणि ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त तिची नोंद असते. ती कधीच कुठला फोन नंबर देत नाही आणि पैसेही मागत नाही. या पाटीला घाबरून नवा अँटीव्हायरस घेणारे बरेच असतात. तुमच्या प्रश्नाचा उगमही थोडाफार तोच असावा.

मुलीच्या पेनड्राइव्हकडे येऊ. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात दिवसभरात शंभर पेनड्राइव्ह लागतात. तिथून परत आल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, प्रत्येक चिन्हावर तो छोटा बाण, तर त्यावर डबल क्लिक करू नका. मूळ फाइल पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात, आणि शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतं. म्हणून माणसाला काही बिघडलंय असं वाटतच नाही. पेनड्राइव्हवर उजवी टिचकी मारून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ निवडा. हे हाताने करावंच लागतं, कारण डिफेंडरचा पूर्ण स्कॅन मुळात काढत्या ड्राइव्हना वगळतो. मग फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ला खूण करा. तरी दिसलं नाही तर ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा. मूळ कागदपत्रं लॅपटॉपवर उतरवा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. सगळ्यात सोपं म्हणजे प्रिंटसाठी पीडीएफ ईमेलने किंवा व्हॉट्सॲपने दुकानदाराला पाठवायची आणि पेनड्राइव्ह घरीच ठेवायचा.

आणि मुलीला एक गोष्ट सांगा: फुकटात मिळणारी ‘क्रॅक’, म्हणजे लायसन्स तोडलेली, सॉफ्टवेअर टाकायची नाहीत. फोटो एडिटिंग असो, मराठी टायपिंगचं पॅकेज असो, गेम असो. झिप फाइलला पासवर्ड असतो आणि तो शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला असतो. पासवर्ड कुणापासून लपवायला? अँटीव्हायरसपासून. कुलूप असलेल्या झिपच्या आत तो बघू शकत नाही. सोबत सूचना असते, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’. माणूस आज्ञाधारकपणे बंद करतो. घरगुती संगणकांवर धुमाकूळ घालणारं स्टॉप-डीजेव्हीयू हे खंडणीखोर सॉफ्टवेअर मुख्यतः याच वाटेने पसरलं. फोटो आणि कागदपत्रं कुलूपबंद होतात आणि किल्लीसाठी डॉलर मागितले जातात.

त्यावर डिफेंडरमध्ये एक सोय आहे जी मुळात बंद असते: ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’. चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहिता येत नाही. तुमच्या फाइली ‘डी’ ड्राइव्हवर असतील तर ते फोल्डर ‘प्रोटेक्टेड फोल्डर्स’मध्ये हाताने जोडा. सुरुवातीला त्रास होईल. टायपिंगचं किंवा हिशोबाचं एखादं जुनं सॉफ्टवेअर ‘फाइल सेव्ह होत नाही’ म्हणून अडेल. तेव्हा सगळी सोय बंद करू नका, ‘अलाऊ ॲन ॲप’मध्ये ‘रिसेंटली ब्लॉक्ड’ची यादी येते, तिथून तेवढ्याच प्रोग्रॅमला परवानगी द्या. तरीही एका बाहेरच्या हार्डडिस्कवर महिन्याला एकदा फोटो आणि कागदपत्रं उतरवायची, आणि उतरवून झाली की केबल काढून कपाटात. कायम लावून ठेवलेली हार्डडिस्क लॅपटॉपबरोबरच कुलूपबंद होते.

सासऱ्यांच्या बँकिंगला धोका व्हायरसपेक्षा फोनचा जास्त. ‘केवायसी संपलंय’, ‘वीज कापली जाईल’ असं सांगून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतात. एनीडेस्क हे सरळमार्गी सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे कुठलाही अँटीव्हायरस, हजार रुपयांचा असो की पाच हजारांचा, त्याला मुळात अडवत नाही. पलीकडचा माणूस मग पडदा बघत बसतो. इथे उपयोगी पडतं ते वेगळंच: सासऱ्यांसाठी वेगळं ‘स्टँडर्ड’ खातं करा, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. मग सगळ्या संगणकासाठी काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की पासवर्ड मागितला जाईल. कुंपण पूर्ण नाही, काही प्रोग्रॅम पासवर्ड न मागताही चालतात. पण फोनवरचा माणूस घाई करत असताना एवढा अडसरही पुष्कळ. बँकेचा पत्ता बुकमार्क करून द्या, ग्राहक सेवेचा नंबर गूगलवर शोधायचा नाही हे सांगून ठेवा. पैसे गेलेच तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आणि लगोलग बँक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसताना ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. म्हणून तासातासाला महत्त्व आहे.

लॅपटॉप संथ असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ४ जीबी आणि फिरती हार्डडिस्क म्हटल्यावर तो असणारच. टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ डिस्क खाताना दिसेल आणि कुणीतरी सांगेल की डिफेंडर जड आहे, हलका अँटीव्हायरस घ्या. दुसरा घेतला तरी त्यालाही त्याच हार्डडिस्कवरून वाचायचंय. अँटीव्हायरसवर दोन-तीन वर्षांत जे घालाल ते २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि जमलं तर आणखी ४ जीबी रॅम यात घाला. फरक पहिल्याच दिवशी कळेल.

मग विकतचा कुणी घ्यावा? नेट तुटक असलेलं घर वर आलंच. घरात चार-पाच फोन आणि संगणक आहेत आणि एकाच ठिकाणाहून मुलांवरचे निर्बंध हवेत, त्यांनी घ्यावा. समोर दिसेल ते दाबणारं माणूस घरात असेल आणि ते क्रोम किंवा फायरफॉक्स वापरत असेल, तर त्यांनीही. डिफेंडरची खोट्या पानांची गाळणी मुख्यतः एजमध्येच नीट काम करते, विकतच्यांची बहुधा सगळ्या ब्राउझरांत. बिघडलं तर ओळखीच्या दुकानात जाऊन दाखवता आलं पाहिजे, असं ज्यांना वाटतं त्यांचंही मी चूक म्हणणार नाही. पुण्याच्या क्विक हीलचे खोके आपल्याकडच्या संगणकाच्या दुकानांतून इतकी वर्षं विकले जातात त्यात या सोयीचाही वाटा आहे.

निवडताना जाहिराती सोडा आणि स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल बघा. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते; डिफेंडरही गेली काही वर्षं तिथे वरच्या गटात असतो. एकच निकाल न बघता लागोपाठचे तीन-चार बघा. ९९.६ आणि ९९.९ टक्क्यांत घरच्या वापराला फरक नाही. त्याऐवजी ‘फॉल्स पॉझिटिव्ह’चा रकाना वाचा, कारण चांगल्या फाइलला सारखा व्हायरस म्हणणारा अँटीव्हायरस शेवटी घरचे लोक बंदच करून टाकतात. ३० दिवसांची मोफत चाचणी आपल्याच लॅपटॉपवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

फुकट मिळणाऱ्या इतरांबद्दल मी जरा सावध असतो. अव्हास्टने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली. ती उपकंपनी जानेवारी २०२०मध्ये बंद झाली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा आता जेन डिजिटल या एकाच कंपनीचे आहेत, त्यामुळे यातला एक सोडून दुसरा घेतला की घर बदललं असं समजू नका. कॅस्परस्कीवर अमेरिकेने २०२४मध्ये विक्रीबंदी घातली. चाचण्यांत ते सॉफ्टवेअर उत्तम ठरत आलंय, बंदीचं कारण कंपनी रशियाची असणं हे होतं. तुमचं कुणी नातेवाईक अमेरिकेत असेल तर त्यांच्या संगणकावर तिथे ते आता अपडेट होत नाही.

दुसऱ्या वैद्याचं मत हवं असेल तेव्हा मायक्रोसॉफ्टचं ‘सेफ्टी स्कॅनर’ उतरवून चालवा. ते डिफेंडरशी भांडत नाही. मात्र उतरवल्यापासून १० दिवसांनी ते निकामी होतं, दर वेळी नवं घ्यावं लागतं. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्तीही चालेल, पण सुरुवातीला ती विकतच्या आवृत्तीची चाचणी चालू करते. ती तिच्या सेटिंग्जमधून बंद करा, नाहीतर १४ दिवस तीच पहारा देत बसेल.